सिंकखालचा गळका पाईप : आधी शोधा, मग दुरुस्त करा



परिसर अभ्यासाच्या तासाला मी दरवर्षी मुलांना सांगते, "नळ गळत असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या." आणि माझ्याच घरी काय झालं सांगू? सिंकखालच्या कपाटात थेंब थेंब पाणी पडत होतं. मी खाली एक डबा ठेवला आणि प्लंबरची वाट बघत बसले. रोज डबा रिकामा करायचा, परत ठेवायचा. असे तीन आठवडे गेले. एक दिवस डबा उचलला तर खालचं प्लायवूड फुगलेलं, कपाटात कुबट वास आणि कोपऱ्यात झुरळं. माझी तिसरीतली मुलगी म्हणाली, "आई, पण ते गळतंय कुठून?" खरंच की! तेवढं मी बघितलंच नव्हतं.

म्हणून आजचा हा धडा. यातली पहिली पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि ती मुलांनाही जमते.

१. गळती शोधा

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी पाईपावरून ओघळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला टपकतं. म्हणून कपाट रिकामं करा, पाईप कोरड्या फडक्याने नीट पुसा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि तीन प्रयोग करा :

- नळ बंद ठेवून अर्धा तास थांबा. तरीही कागद भिजला, तर दोष नळाकडे येणाऱ्या जोडनळीत आहे, सांडपाण्याच्या पाईपात नाही.
- जाळीचं तोंड बुचाने बंद करून सिंक भरा. आता गळलं, तर पाणी जाळीच्या कडेखालून येतंय.
- बूच काढून सगळं पाणी एकदम सोडा. तेव्हाच गळलं, तर दोष खालच्या सांध्यात किंवा पाईपातच आहे.

प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू पेपर लावून बघा. सगळ्यात वरचा जो सांधा ओला लागेल, तोच आपला गुन्हेगार. आमच्याकडे जाळीखालच्या नटाजवळचा कागद भिजला. शोध मुलीनेच लावला बरं का!

२. सांधा खोला

खाली बादली ठेवा आणि हातमोजे घाला. तुंबलेला पाईप मोकळा करायची पावडर आत टाकलेली असेल, तर पाईप खोलू नका. त्यातला कॉस्टिक सोडा त्वचा आणि डोळे भाजतो. अशा वेळी मुलांना लांब ठेवा आणि प्लंबरलाच बोलवा.

खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. प्लॅस्टिकचा नट बहुतेक वेळा हातानेच निघतो. खालून वर बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की तो सैल होतो. गोंधळ होत असेल तर बाटली उलटी धरून तिचं झाकण खालून फिरवून बघा. वर्गातही हा प्रयोग मस्त होतो.

३. वॉशर बघा

नटाच्या आत रबरी वॉशर असतो. पाणी अडवायचं काम खरं तर तोच करतो. तो कडक झालेला, चिरलेला किंवा तिरका बसलेला असेल तर सांधा गळतो. जुना वॉशर सोबत घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा, म्हणजे माप चुकत नाही. किंमत अगदी किरकोळ असते. सांध्याच्या दोन्ही बाजू पुसा, नवीन वॉशर जुना होता तसाच सरळ बसवा आणि नट हाताने आवळा. पाना लागलाच तर अगदी थोडा फिरवा. जास्त जोर लावला की प्लॅस्टिकचा नट तडकतो.

लवचिक पाईपाच्या घड्यांमध्येच चीर पडली असेल, तर पूर्ण पाईप बदला. सांध्यावर एम-सील थापण्याचा मोह टाळा. पुढच्या वेळी तो सांधा सुटत नाही.

४. परत तपासा

तिसरा प्रयोग पुन्हा करा. कागद कोरडा राहिला तरच सामान कपाटात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत एकदा बघा.

मुलं विचारतील ते दोन प्रश्न

*पाईप वाकडा का असतो?* त्या वळणात थोडं पाणी कायम साठून राहतं. ते गटारातला वास आणि किडे वर येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये संडासासाठी अशा वळणाच्या रचनेचं पेटंट घेतलं होतं. म्हणून दुरुस्तीनंतर वळण पहिल्यासारखंच ठेवा, पाईप ताणून सरळ करू नका.

*उकळतं पाणी सिंकमध्ये ओतलं तर?* पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतो. भाताचं गरम पाणी थोडं निवू द्यावं. उरलेलं तेल तर ओतूच नये, ते थिजून पाईप तुंबतो.

आमची दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. वॉशर तिरका बसला होता, एवढंच. नवीन वॉशरपेक्षा कितीतरी पट खर्च प्लायवूड बदलायला आला. तो वॉशरचा नव्हे, माझ्या तीन आठवड्यांच्या डब्याचा खर्च!

आपण मुलांना निरीक्षण, अंदाज, पडताळणी असे शब्द शिकवतो. सिंकखाली ते तिन्ही एकदम सापडतात. पुढच्या वेळी घरात काही गळलं, तर डबा जरूर ठेवा, पण तो ठेवून उठण्याआधी मुलांना शेजारी बसवा आणि विचारा, "बघ बरं, पाणी कुठून येतंय?"