जिन्यावरील स्वयंचलित दिवा आणि वर्ध्याचा उन्हाळा

वर्धा शहराला लागून असलेले सावंगी (मेघे) हे गाव आज तेथील वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय यांच्यामुळे ओळखले जाते. अशा गावी पाळीवरून अवेळी परतणारी माणसे आणि माडीवर निजणारे वृद्ध यांना जिन्याची चढउतार रात्रीच करावी लागते. अंधारात कळ चाचपडताना पायरी चुकते, आणि उतारवयात खुब्याचे हाड मोडण्यास तेवढे निमित्त पुरते. मनुष्याची चाहूल लागताच उजळणारा दिवा घरच्या घरी जोडता येतो, त्याचे सुटे भागही बाजारात स्वस्तात मिळतात. तथापि जोडणीच्या प्रचलित कृती बहुधा शीत हवामान गृहीत धरून लिहिलेल्या असतात. वर्ध्याच्या मे महिन्यात त्या कितपत टिकतात, हा खरा विचारणीय प्रश्न होय.

घरगुती दिव्याचा विचार या परिसराला नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीत चाले. रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा दिवा याच संघाच्या प्रयत्नांतून निर्माण झाला. हाताशी असलेल्या साधनांनी दिवा करावयाचा आणि तो तेथल्या परिस्थितीत नीट जळतो की नाही हे पाहावयाचे, ही दृष्टी येथेही उपयोगी पडते.

‘स्वयंचलित दिवा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. वस्तुतः दिवा चालत नाही, चालतो तो मनुष्य. ‘संवेदक’ (बाजारातील बोलीत ‘सेन्सर’) ही संज्ञाही काहीशी फसवी आहे. या उपकरणाला मनुष्य जाणवत नाही, त्याला जाणवतो तो केवळ भेद. प्रत्येक पदार्थ आपल्या तपमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकतो, आणि मानवी शरीराच्या बाबतीत त्यांचा भर सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. संवेदकात या किरणांनी विद्युद्भारित होणाऱ्या स्फटिकद्रव्याचे दोन तुकडे एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. दोघांवर सारखीच उष्णता पडली तर परिणाम शून्य होतो. उष्ण आकृती एकासमोरून दुसऱ्यासमोर सरकली, तरच संकेत निघतो. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांच्या वाचकांना येथे काही ओळखीचे भासेल. चिन्हाला मूल्य येते ते त्याच्या स्वतःच्या गुणामुळे नव्हे, तर इतरांपासूनच्या त्याच्या वेगळेपणामुळे, हे तत्त्व या लहानशा डबीत अक्षरशः काम करीत असते.

अडचणीचे मूळही नेमके येथेच आहे. मानवी त्वचेचे तपमान सामान्यतः ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असते. जानेवारीच्या रात्री भिंत १५ अंशांवर असेल, तर भेद स्पष्ट राहतो. उन्हाळ्यात मात्र वर्ध्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि दिवसभर तापलेली विटांची भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडीत राहते. भिंत ४० अंशांवर असेल तर मनुष्य तिच्यापुढे थंड दिसतो, म्हणजे भेद उरतोच, फक्त त्याची दिशा उलटते. परंतु निवता निवता ती ३४ अंशांच्या आसपास आली, की भेद जवळजवळ लोपतो आणि संवेदक आंधळा होतो. हा प्रसंग दुपारी नव्हे, जिन्याला दिव्याची गरज असते त्याच वेळी उद्भवतो. हिवाळ्यात यशस्वी ठरलेली चाचणी म्हणूनच निर्णायक मानता येत नाही.

यावर उपाय असा, की पहिल्या व शेवटच्या पायरीवर आडवा अवरक्त झोत ठेवावा. एका बाजूस झोत सोडणारा एलईडी, समोर त्याचा ग्राहक. मनुष्य मध्ये आला की झोत तुटतो, आणि येथे तपमानाचा संबंधच राहत नाही. झोत ३८ किलोहर्ट्झच्या ठोक्यांनी सोडल्यास इतर दिव्यांच्या प्रकाशाने ग्राहकाची सहसा फसगत होत नाही. तो पायरीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीवर असावा. मांजर खालून निघून जाते.

पुढील भाग सोपा आहे. सोळा पायऱ्यांना प्रत्येकी ३० सेंटिमीटर पट्टी लावली, तर एकूण ४.८ मीटर होते. मीटरमागे ४.८ वॅट घेणाऱ्या १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीला सुमारे २३ वॅट, म्हणजे जवळजवळ २ अँपिअर प्रवाह लागतो. पुरवठा ३ अँपिअरचा घ्यावा. आर्डुइनोसारख्या नियंत्रकाचा एक खुंट ४० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह सोसत नाही. त्यामुळे पट्टी त्याला थेट न जोडता मध्ये मॉस्फेट घालावा. २३० व्होल्टची तार जिन्यावर मुळीच आणू नये, पायऱ्यांपर्यंत फक्त १२ व्होल्टच यावेत. दिवसा दिवा लागू नये म्हणून प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक लावतात. त्याचे वाचन दिवा विझलेला असतानाच घ्यावे. एरवी दिवा स्वतःच्याच उजेडाला दिवस समजून विझतो, पुन्हा लागतो, आणि लुकलुकत राहतो.

दिवा केव्हा विझवावा, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. वर गेलेली व खाली उतरलेली माणसे मोजून, जिना रिकामा होताच दिवा मालवावा, ही कल्पना मोहक वाटते. पण दोघे जण खेटून गेले, किंवा एखादा अर्ध्यातून परतला, की मोजणी चुकते, आणि एकदा चुकली की चुकीचीच राहते. त्यापेक्षा झोत तुटल्यापासून ९० सेकंद दिवा ठेवावा व पुन्हा तुटल्यास ती मुदत नव्याने सुरू करावी. तरीही धाप लागून मधल्या चौकात थांबलेल्या आजीबाईंना ९० सेकंद अपुरेच पडतील. त्यांच्यासाठी पहिल्या व शेवटच्या पायरीवर अर्ध्या अर्ध्या वॅटचे दोन मंद दिवे रात्रभर तेवत ठेवावेत. रोज बारा तास धरले तरी त्यांना वर्षाला साडेचार युनिटांहून कमी वीज लागते. वीज गेल्यास उपयोगी पडावी म्हणून १२ व्होल्टची बॅटरी याच तारांवर ठेवता येते. आणि जिन्याच्या दोन्ही टोकांना पूर्वीपासून असलेली दुहेरी कळ व तिचा दिवा काढून टाकण्याची घाई करू नये.