थंडीत प्या गरमागरम सफरचंदाचा काढा. पण कुजकं फळ नको!



पौष-माघात मुर्धा, राई, मोर्वा या पट्ट्यात खाडीवरून गार वारा सुटतो. मिठागराचं काम असो की भाजीचा मळा, पहाटे बाहेर पडणाऱ्याला काहीतरी गरम लागतंच. दिवसभर कपावर कप चहा रिचवण्यापेक्षा एक वेळ सफरचंदाचा मसालेदार काढा करून बघा. हे औषध नव्हे. त्याने सर्दी-ताप बरा होतो असा आमचा दावा नाही. पण अंगात ऊब येते, आणि मुलंही आवडीनं पितात.

सफरचंद आपल्याकडे पिकत नाही. जुन्या जातींना फुलोऱ्यासाठी कडक थंडी लागते, ती किनाऱ्यावर मिळत नाही. हिमाचलातील बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत येणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधली. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तरी खाऱ्या वाऱ्याच्या जमिनीत रोपं लावायची घाई करू नका. फळ बाजारातूनच आणा.

साहित्य : सफरचंदं १ किलो, पाणी २ लिटर, दालचिनीचे बोटभर लांबीचे २ तुकडे, लवंगा ४, आलं १ इंच, गूळ ५० ते ७५ ग्रॅम, वेलची २, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ.

कृती : फळं कोमट पाण्यात चोळून धुवा, म्हणजे वरचं मेण बरंचसं निघतं. देठ, बिया व मधला कठीण भाग काढून सालासकट फोडी करा. त्या स्टीलच्या पातेल्यात घाला. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं आंबट रसाला वापरू नये. पाणी, दालचिनी, लवंगा व ठेचलेलं आलं घालून एक उकळी आणा. मग झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास शिजवा. फोडी रवीने घोटा, पाच मिनिटं ठेवा आणि स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळा. गूळ, मीठ, वेलची घालून पुन्हा एक उकळी द्या. खाली उतरवून लिंबू पिळा. उरलेला काढा फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. मसाले वेचून काढलेला चोथा गांडूळखताला चालतो. मधुमेह असलेल्यांनी गूळ घातला म्हणून बिनधास्त राहू नये; गूळही साखरच.

आता मुद्द्याची गोष्ट. बाजार उठताना डागी फळांचा ढीग स्वस्तात मिळतो, आणि "उकळायचंच तर आहे" म्हणून आपण तो उचलतो. इथेच सांभाळा. आपटून नुसतं दबलेलं फळ चालेल, तो भाग काढून लगेच वापरा. पण मऊ पडलेलं, तपकिरी कूज धरलेलं, निळी-हिरवी बुरशी आलेलं फळ सबंध फेकून द्या. या बुरशीपासून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं. ते कुजलेल्या भागाबाहेरही पसरतं आणि घरगुती उकळीने पुरतं नाहीसं होत नाही. म्हणूनच सफरचंदाच्या रसात ते किलोला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशी कायद्याने मर्यादा घातली आहे. जत्रेत किंवा हळदीकुंकवाला काढा विकू पाहणाऱ्या बचत गटांनी हे आधी ध्यानात घ्यावं, अन्न नोंदणी करून घ्यावी आणि फळ स्वतः निवडून आणावं. चार पैसे वाचवायला जाऊन गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं, तर गटाचं नाव गेलंच म्हणून समजा.

मसाल्याचं मात्र आपल्या हातात आहे. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कठीण साल बहुधा कॅशियाची असते; खरी दालचिनी पातळ, अनेक पदरी आणि सहज मोडणारी. गोड्या पाण्याची विहीर आणि नारळाची वाडी असेल, तर झाडांच्या मधल्या जागेत दालचिनी, जायफळ, काळी मिरी येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची 'कोकण तेज' ही जात दिली आहे. दोन-चार कलमं लावून तर बघा.

सफरचंद परमुलखातलं असलं तरी दालचिनी आपल्या वाडीतली असू द्या!