भरभराट आली म्हणजे समता येते काय?

प्रकाशा (ता. शहादा, जि. नंदुरबार) येथे तापीवरील बॅरेजमध्ये पाणी अडले आहे. परिसरात ऊस, केळी, पपई पिकते. साखर कारखाना आला, ट्रॅक्टर आले. ‘आता विकास झाला, जात राहिली कुठे?’ असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. अशा मंडळींनी पहिल्या महायुद्धानंतरची अमेरिका अभ्यासावी.

१९२० साली तेथे सुमारे ८० लाख मोटारी होत्या. १९२९ पर्यंत त्या २ कोटी ३० लाखांवर गेल्या. शहरांत घरोघरी वीज व रेडिओ आले. १९२० मध्ये स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला. दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीय कापसाचे मळे सोडून शिकागो, डेट्रॉईटच्या कारखान्यांत गेले. पण वर्णभेद गेला काय? १९२१ मध्ये तुल्सा शहरातील त्यांची सधन ग्रीनवुड वस्ती गोऱ्या जमावाने जाळून टाकली. म्हणजे काळा माणूस श्रीमंत झाला, हाच त्याचा गुन्हा ठरला! त्यांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती १८७० चीच होती. पण दक्षिणेतील राज्यांनी मतदान-कर व साक्षरतेच्या परीक्षा लादून ती निकामी केली.

आपल्याकडे वेगळे काय घडले? महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी अमाप नफा कमावला. तरीही जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्र आले, पण जात यंत्रापाशीही उभी राहिली.

शहादा तालुक्यातही पाणी आले, पिके पालटली. पण भिल्ल समाजाच्या गेलेल्या जमिनी आपोआप परत आल्या नाहीत. त्यासाठी १९७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंतींसारख्या कार्यकर्त्यांना श्रमिक संघटना उभारावी लागली. आजही जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जातात.

राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. आम्ही वकील आहोत, कायद्याचे मोल जाणतो. पण संघटनेशिवाय कायदा कपाटातच राहतो, हेही जाणतो. म्हणून बांधवांनो, विकासाचे आकडे कोणी सांगू लागला तर त्याला एकच विचारा : पपईचा ट्रक भरणाऱ्याच्या नावावर सातबारा आहे काय?