वजन उतरविणारी औषधे आणि मनाची अवस्था

अन्न पोटात गेले की काही वेळाने भूक शमते, हा नित्याचा अनुभव आहे. परंतु पोट भरल्याची वार्ता मेंदूला पोचते कशी? जेवणानंतर आतड्यांच्या अस्तरातील काही पेशी ‘जीएलपी-१’ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडास इन्शुलिन स्रवण्यास प्रवृत्त करते, जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि भूक आवरण्याचा संदेश मेंदूस देते. मात्र रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन मिनिटांतच निम्म्यावर येते.

सेमाग्लुटाइड हे औषध याच संप्रेरकाच्या धर्तीवर बनविलेले आहे. त्याच्या रचनेत असा फेरफार केलेला असतो की, त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे एक आठवडा लागतो. म्हणून त्याचे इंजेक्शन आठवड्यातून एकदाच टोचतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १,९६१ प्रौढांनी भाग घेतला. हे औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. भारतात वजन घटविण्यासाठी या वर्गातील साप्ताहिक इंजेक्शने २०२५ पासून मिळू लागली.

मनावर परिणाम का संभवतो?

अशा उपचाराच्या काळात काहींना उदास वाटते, काहींची चिडचिड वाढते. काहींना उलट उत्साह वाटतो. याची कारणे एकापेक्षा अधिक असू शकतात. प्रारंभी मळमळ व उलट्या होतात, आहार तुटपुंजा पडतो आणि थकवा येतो. मधुमेही रुग्ण सोबत इन्शुलिन घेत असेल, तर रक्तातील साखर फार उतरून कंप, घाम व चिडचिड ही लक्षणे दिसू शकतात. शिवाय, जेवण म्हणजे केवळ पोषण नव्हे. सणाची पंगत, मित्रांसमवेतचा फराळ, दुःखाच्या वेळचा विरंगुळा हे सारे अन्नाशी निगडित असते. खाण्याची ओढ ओसरली की, या आनंदाची जागा काही काळ रिकामी राहण्याचा संभव असतो.

अल्पाहाराचा मनाशी असलेला संबंध जुनाच आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांच्यापैकी अनेकांत औदासीन्य व चिडखोरपणा दिसून आला. अर्थात, त्या तरुणांना भूक सतत छळत होती. येथे भूकच मंदावलेली असते. म्हणून हा दाखला मर्यादित अर्थानेच घ्यावयास हवा.

चौकशी व निष्कर्ष

अशा तक्रारींकडे शास्त्रज्ञ गांभीर्याने पाहतात, त्यास पूर्वानुभवाचे कारण आहे. रिमोनाबँट ही निराळ्या वर्गातील वजन घटविणारी गोळी युरोपात २००६ मध्ये मान्य झाली. परंतु तिच्यामुळे नैराश्य वाढत असल्याचे आढळल्याने २००८ मध्ये तिची विक्री थांबविण्यात आली. २०२३ मध्ये आइसलँडमधून आलेल्या काही नोंदींवरून, नव्या औषधांमुळे आत्मघाताचे विचार येतात काय, याची चौकशी युरोपीय औषध संस्थेने आरंभिली. एप्रिल २०२४ मध्ये, उपलब्ध पुराव्यावरून असा कार्यकारणसंबंध दिसत नाही, असा निर्णय तिने दिला.

येथे एक तत्त्व ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. स्थूलता व नैराश्य ही पुष्कळदा एकाच व्यक्तीत आढळतात. त्यामुळे औषध घेणारा मनुष्य खिन्न झाला, एवढ्यावरून दोष औषधाचाच असे सिद्ध होत नाही. औषध न घेणाऱ्या तशाच व्यक्तींशी तुलना करावी लागते. दुसऱ्या बाजूस, नजीकच्या काळात तीव्र नैराश्य झालेल्यांना सेमाग्लुटाइडच्या प्रमुख चाचण्यांत घेतलेले नव्हते. म्हणून सरासरीचा दिलासा प्रत्येकास सारखाच लागू पडेल, असे मानता येत नाही.

तात्पर्य, पूर्वी मानसिक आजार झाला असल्यास तो उपचारापूर्वीच डॉक्टरांस सांगावा. खिन्नता टिकून राहिली, झोप उडाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर ते लपवून ठेवू नये. त्वरित वैद्यकीय साहाय्य घ्यावे. औषध आपल्याच मनाने बंद करणेही योग्य नव्हे, कारण मधुमेह्याच्या रक्तातील साखर त्यामुळे पुन्हा वाढू शकते. घरच्या मंडळींनीही वजनाच्या आकड्याइतकेच रुग्णाच्या मुद्रेकडे लक्ष ठेवावे.