दात खाणं आणि तोल जाणं

गैरसमज : मूल झोपेत दात खातं, म्हणजे पोटात जंत झालेत.
याला ठोस पुरावा नाही. झोप क्षणभर चाळवते, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबडा आवळला जातो. ही सगळी मेंदूची करणी. मोठ्यांमध्ये ताण, दारू, सिगारेट, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनी दात खाणं वाढतं. जंताचं औषध जंत असतील तर द्यावं.

गैरसमज : जबड्याचा आणि तोलाचा काय संबंध?
आहे, आणि चांगलाच गमतीचा आहे. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा. खालच्या-वरच्या दातांत धरलेली त्याहून पातळ पन्नीही आपल्याला कळते, कारण दाताच्या मुळाभोवतीच्या अस्तरात दाब टिपणारे चेतातंतू आहेत. हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताला, म्हणजे इम्प्लांटला, हे अस्तर नसतं, म्हणून तिथे ही जाण बोथट होते. जबड्याकडची ही खबर मेंदूत जाते तेव्हा मानेचे स्नायू आणि तोल सांभाळणारी केंद्रं यांनाही तिचा सुगावा लागतो. जबड्याचा परिणाम पायापर्यंतही पोचतो : गुडघ्यावर हातोडी मारून पायाचा झटका नीट दिसला नाही, तर डॉक्टर रुग्णाला दात घट्ट आवळायला सांगतात. मग पाय टुणकन उडतो!

गैरसमज : म्हणजे माझी चक्कर दात खाल्ल्यामुळेच.
इथे मात्र उडी फार लांबची होते. दात आवळल्यावर उभ्या माणसाचं डोलणं किती बदलतं, हे प्रयोगशाळेत मोजलं गेलंय. कधी ते किंचित कमी झालं, कधी फरकच पडला नाही. शिवाय जागेपणी काही सेकंद मुद्दाम आवळलेले दात वेगळे आणि वर्षानुवर्षं रात्री झिजणारे दात वेगळे. चक्कर येत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कानातले सूक्ष्म खडे जागचे हलले असतील, तर डोकं ठरावीक पद्धतीने वळवूनही ती थांबते. ‘चावा जुळवला की तोल सुधारेल’ म्हणून कुणी तुमचे दात कानसून कमी करायला निघालं, तर सरळ नकार द्या. कानसलेला दात पुन्हा भरून येत नाही.

गैरसमज : नाइट गार्ड लावला की सवय सुटते.
रात्री दातांवर चढवायचं हे कवच दात झिजण्यापासून वाचवतं, सवय सोडवत नाही. दिवसा दात आवळण्यावर मात्र आपला ताबा चालतो. ओठ मिटलेले असतानाही दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट हवी. मोबाइल बघताना, गाडी चालवताना ती कधी बुजते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. हे वाचताना तुमचे दात टेकलेत का?