तंजावरचे नऊ दिवस

कुंभकोणमहून चेन्नईच्या रस्त्याला लागलं की वाटेत तिरुप्पनंदाळ येतं. काशीमठ मागे टाकून जरा चाललो, तर दोन्ही हातांना भाताची खाचरं, बांधापर्यंत टेकलेलं पाणी, पाण्यात बगळे. उत्तरेला थोड्याच अंतरावर कोळ्ळिडम नदी. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याची ती शीव. पायाखालचा हा काळा चिखल म्हणजेच तंजावरचा खजिना. त्यावर सगळ्यांचा डोळा होता.

१७५८ साली राघोबादादांच्या फौजा अटकेला पोचल्या, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. त्याच वर्षी व्यंकोजीराजांचा नातू प्रतापसिंह तंजावरच्या किल्ल्यात जीव मुठीत धरून बसला होता, हे मात्र आपण कुणाला सांगत नाही. मला त्याची खंत वाटते.

युरोपपासून अमेरिकेपर्यंत इंग्रज-फ्रेंचांचं सप्तवार्षिक युद्ध पेटलं होतं. फ्रेंच सेनापती लालीने जूनमध्ये इंग्रजांचा फोर्ट सेंट डेव्हिड घेतला. पुढे मद्रास घ्यायचं तर पैसा हवा, आणि पाँडिचेरीच्या तिजोरीत खडखडाट. मग एक जुनं कर्जखत बाहेर निघालं. अर्काटच्या नवाबीचा दावेदार चंदासाहेब आणि फ्रेंच चालून आले असताना तंजावरने ते नाइलाजाने लिहून दिलं होतं. रक्कम ५६ लाख रुपये.

ती वसूल करायला लाली फ्रेंचांच्या कारैकाल बंदरावरून तंजावरच्या मुलखात शिरला. किवळूरला त्याने देऊळ लुटलं आणि हेरगिरीच्या संशयावरून सहा ब्राह्मणांना तोफेच्या तोंडी दिलं. त्यानंतर त्या मुलखात त्याला आपलं म्हणणारं कोण उरणार?

प्रतापसिंहाने रकमेवर घासाघीस चालू ठेवली. वकील जात होते, येत होते; दुसरीकडे तिरुचिरापल्लीच्या इंग्रजांकडे मदतीची मागणी गेली होती आणि तिथून शिपाई आले. याला कोणी भित्रेपणा म्हणेल, मी म्हणणार नाही. लहान राज्याकडे दारूगोळा बेताचाच. त्याने वेळ विकत घ्यायचा असतो.

२ ऑगस्टला तोफा सुरू झाल्या. तट खचू लागला. पण दुसऱ्याच दिवशी समुद्रात इंग्रज आरमाराने फ्रेंचांना मागे रेटलं. कारैकाल धोक्यात, म्हणजे लालीची रसदच धोक्यात. छावणीत धान्य आणि दारू संपत आली होती, बाहेर तंजावरचे घोडेस्वार वाटा अडवत होते. वेढा उठवायचं ठरलं.

१० ऑगस्टच्या पहाटे काही स्वार चाकरी मागायच्या मिषाने लालीच्या मुक्कामी आले. त्यांच्या जमादाराने तलवार उगारली. लालीने तो वार हातातल्या काठीवर झेलला. तो वाचला, जमादार मारला गेला. पाठोपाठ सरदार माणकोजीच्या फौजेने किल्ल्याबाहेर पडून छावणीवर हल्ला चढवला. तो परतवला गेला खरा, पण फ्रेंच जड तोफा निकामी करून, उपाशीपोटी कारैकालकडे वळले.

पुढे १७७३ मध्ये हाच किल्ला पडला. या खेपेला बाहेर अर्काटच्या नवाबासाठी लढणारे इंग्रजच होते. प्रतापसिंहाचा मुलगा तुळजाजी कैद झाला. प्रतापसिंहाला ते पाहावं लागलं नाही. तो १७६३ सालीच गेला होता.