मराठी फोनवरच बंद पडणारं अ‍ॅप

पनवेलच्या एका घाऊक तांदूळ दुकानात वजनाच्या नोंदी अ‍ॅपमध्ये होतात. गोणी काट्यावर ठेवायची, वजन टाकायचं, की बारदान वजा होऊन निव्वळ वजन समोर येतं. तक्रार आली ती दिवाणजींची. "पोरांचं व्यवस्थित चालतंय हो. माझ्याच फोनवर 'सेव्ह' दाबलं की बंद पडतं." फोन जुना झालाय, असं पोरांचं म्हणणं. प्रत्यक्षात दिवाणजींचा फोन दुकानात सगळ्यात नवा होता.

फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि अँड्रॉइडच्या नोंदी दाखवणारं 'लॉगकॅट' उघडून दिवाणजींना पुन्हा 'सेव्ह' दाबायला सांगितलं. लाल ओळींचा ढीग पडला. त्यातल्या बहुतेक अँड्रॉइडच्या स्वतःच्या असतात. त्या सोडून आपल्या फाइलचं नाव असलेली पहिली ओळ शोधायची. ती सापडली आणि वर नजर गेली. 'नंबर फॉरमॅट एक्सेप्शन', आणि पुढे अवतरणात, जे वाचता आलं नाही ते: "४८.७५". चक्क देवनागरीत.

दिवाणजींनी आकडे इंग्रजी कीपॅडवरच टाकले होते, मग हे देवनागरी आलं कुठून? कोडच्या त्या ओळीत निव्वळ वजन दोन दशांश स्थळांपर्यंत आणण्यासाठी आधी आकड्याचा मजकूर केला होता आणि लगेच त्या मजकुराचा पुन्हा आकडा. ही सवय सर्रास दिसते. पण आकड्याचा मजकूर करणाऱ्या 'स्ट्रिंग फॉरमॅट'ला भाषा सांगितली नाही, तर तो फोनची भाषा घेतो. अँड्रॉइडमध्ये ही भाषांची माहिती युनिकोडच्या 'सीएलडीआर' या संग्रहातून येते, आणि तिथे मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत. हिंदीचे मात्र इंग्रजी! पोरांचे फोन हिंदीत नाहीतर इंग्रजीत. म्हणून त्यांचं सुरळीत चाललं होतं. नेपाळी, बंगाली, फारसी फोनवरही हाच बिघाड होतो.

तपास खरा अडला तो गोण्यांच्या संख्येपाशी. तीही अशीच मजकूर होऊन परत येत होती, तरी अ‍ॅप तिथे पडत नव्हतं. कारण असं, की जावातला पूर्णांक वाचणारा भाग युनिकोडमधला कुठल्याही लिपीचा अंक ओळखतो. अपूर्णांक वाचणारा भाग फक्त इंग्रजी अंक. युनिकोडमध्ये इंग्रजी चारचा क्रमांक ५२, आपल्या '४'चा २४१०. एकाच भाषेच्या एकाच संचातले हे दोन भाग इतके वेगळे वागतात, हे माहीत नसेल तर माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

दिवाणजींना फोन इंग्रजीत करायला सांगा, असं एकाने सुचवलं. मला ते मुळीच मान्य नाही. महाराष्ट्रातल्या दुकानासाठी केलेलं अ‍ॅप मराठी फोनवर चालत नसेल, तर दोष अ‍ॅपचा. दुसरी सूचना जास्त धोक्याची होती: आकडा वाचता आला नाही तर शून्य धरा. अ‍ॅप पडायचं थांबलं असतं खरं, पण अठ्ठेचाळीस किलोची गोणी हिशेबात शून्य वजनाने गेली असती आणि महिनाअखेरपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

दुरुस्ती छोटी होती. हिशेबाच्या वाटेवर आकडा आकडाच ठेवला, त्याचा मजकूर करणंच काढून टाकलं. सर्व्हरकडे जिथे मजकूर पाठवावाच लागतो, तिथे 'लोकेल रूट' असं स्पष्ट लिहिलं, म्हणजे फोन कुठल्याही भाषेत असो, अंक इंग्रजीच जातात. पडद्यावर दिसणारं वजन मात्र फोनच्या भाषेतच राहू दिलं. दिवाणजींना ते देवनागरीत वाचायचं असेल, तर तसंच दिसलं पाहिजे.

अँड्रॉइड स्टुडिओ वजनाच्या त्या मूळ ओळीखाली आधीपासूनच पिवळी सूचना दाखवत होता: भाषा न सांगता फॉरमॅट करताय. पिवळ्या सूचना शेकड्याने असतात, त्यात ही बुडून गेली होती. आता फक्त त्याच सूचनेची यादी काढली, तर पुढचं सापडलं. तारखाही फोनच्या भाषेतच तयार होऊन सर्व्हरकडे जात होत्या. तिथे अ‍ॅप पडत नव्हतं, म्हणून कुणी तक्रार केली नव्हती. दिवाणजींच्या नोंदींच्या तारखा देवनागरीत साठत गेल्या होत्या आणि तारखेनुसार काढलेल्या अहवालातून त्या नोंदी गळत होत्या. त्या सगळ्या बदलून घेण्याचं काम अजून चालू आहे.